प्रदर्शनाला बोकड न्यायचाय? मग 90 दिवस आधीच सुरुवात करा

दिवाळीपासून आत्तापर्यंत चार-पाच जणांनी तरी विचारलं असेल, ताई जनावरांच्या प्रदर्शनाला बोकड न्यायचाय, काय घालू? काय घालू हे सगळे विचारतात पण कधीपासून घालू हे कोणच विचारत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. बहुतेक जण प्रदर्शनाचं पोस्टर बघितलं की जागे होतात, मग पंधरा दिवसात मका, पेंड, टॉनिक, काय काय कोंबत बसतात आणि त्यात जनावराचं पोट तरी बिघडतं नाहीतर नुसतं पोट सुटतं, पाठ आहे तशीच राहते. पाठ आणि पुठ्ठा (मागच्या मांड्यांचा वरचा मांसल भाग) भरायला किमान तीन महिने पाहिजेत. शेवटच्या आठ दिवसात काही वाढत नाही, बिघडतं मात्र हमखास.

मी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळ राहते, उस्मानाबादी शेळ्या आणि थोडी माडग्याळ मेंढरं आहेत, सगळं बंदिस्त. चुका करत करत शिकले आणि बऱ्याच गोष्टी एका म्हाताऱ्या धनगर मामांनी शिकवल्या. नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून काय करायचं ते जमेल तसं सांगते.

आधी जनावर तर बघा

आधी एक शब्दांचा घोळ मिटवते, कारण याच्यावरून फॉर्म चुकतात. आपल्या भागात धनगर "बकरी" म्हणतो ती मेंढरं, शेळ्या नव्हेत. पुण्याकडचा माणूस बकरी म्हणाला की शेळी. आणि इकडच्या प्रदर्शनाचा फॉर्म बऱ्याचदा कन्नडमध्ये असतो, त्यात कुरी म्हणजे मेंढी, टगरु म्हणजे मेंढा, आडू म्हणजे शेळी, होत म्हणजे बोकड आणि मरी म्हणजे पिल्लू. वाचता येत नसेल तर शेजारच्या कन्नड पोराकडून वाचून घ्या, लाजू नका. बोकड मेंढ्याच्या गटात लिहिला तर तीन महिन्यांची मेहनत फुकट.

गट बहुतेक ठिकाणी दातावर पडतात. दुधाचे दात असतील तर आदत, पुढचे दोन पक्के आले की दोन दाती, मग चार, सहा, आणि आठ झाले की जुळलेला. साधारण सव्वा-दीड वर्षाच्या आसपास पहिले दोन दात येतात पण जनावरागणिक मागंपुढं होतं. आदत गटात न्यायचं असेल तर प्रदर्शनाच्या तारखेला दात पडायला आलेला नको, नाहीतर तयारी आदतची आणि उभा राहायचा दोन दातीत, तिथं थोराड बोकडांपुढं तुमचा लहानच दिसणार.

निवडताना मी पाठीवरनं सुरू करते. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ सरळ पाहिजे, मध्ये झोळ नको. छाती रुंद, पुढच्या दोन पायांत अंतर, मागचे पाय मागनं बघितले की सरळ, गुडघे एकमेकांना घासत नाहीत असे. तोंड उघडून बघा, खालचे दात वरच्या हिरडीवर नीट टेकले पाहिजेत, खालचा जबडा पुढं किंवा मागं असेल तर चांगला जज लगेच बाजूला काढतो. नर असेल तर दोन्ही अंड हाताला लागली पाहिजेत आणि सारखी पाहिजेत, एकच उतरलेलं असेल तर तो नर कितीही देखणा असू दे, सोडून द्या. ह्यातलं काहीच खुराकानं, म्हणजे धान्य-पेंडीनं, सुधारत नाही म्हणून आधी सांगतेय.

जातीचं म्हणाल तर जातीवंत जनावर जातीसारखं दिसायला पाहिजे एवढंच. माडग्याळ म्हणजे जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची मेंढी, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब मान, उंच पाय आणि पोपटासारखं बाकदार नाक, त्या नाकासाठी लोक पैसे मोजतात. दख्खनी मेंढी बुटकी, बहुतेक काळी, घोंगडीच्या लोकरीची. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीभोर, कुणाच्या कानावर पांढरे ठिपके. दख्खनीला माडग्याळएवढं उंच करायला जाऊ नका, ते होणार नाही आणि व्हायची गरजपण नाही.

पहिला आठवडा: खुराक नाही, तपासणी

जनावर आणलं त्या दिवशी लोक टोपलं भरून पेंड ठेवतात. नका ठेवू. बाजारातनं आणलेलं असेल तर पहिले 21 दिवस बाकीच्यांपासून लांब बांधा, आणि पहिला आठवडा फक्त कडबा, ओला पाला आणि पाणी.

ह्या आठवड्यात जंताचं औषध. सरकारी दवाखान्यात लेंड्या तपासून मिळत असतील तर तपासूनच द्या, कारण दर महिन्याला तेच तेच औषध पाजून जंत मरत नाहीत, निर्ढावतात. खालची पापणी ओढून बघायची सवय लावा, आतनं लाल-गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी पडली असेल तर बहुतेक रक्त पिणारे जंत आहेत आणि त्या जनावराला तुम्ही कितीही घातलं तरी अंगाला लागणार नाही. औषध वजनावर द्यायचं, अंदाजानं नाही. आणि गाभण शेळी प्रदर्शनाला तयार करत असाल तर पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, डॉक्टरांना गाभण आहे म्हणून आधी सांगा.

लसी पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषारच्या मुख्य. आंत्रविषारची लस खुराक वाढवायच्या आधी झालीच पाहिजे, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर. ह्याचं कारण नीट समजून घ्या. आंत्रविषार बारक्या, मरतुकड्या कोकराला सहसा होत नाही, सगळ्यात चांगलं खाणारं, सगळ्यात गुटगुटीत असतं त्यालाच जास्त होतो, कारण ते जंतू आतड्यात आधीच असतात आणि पोटात धान्य-पेंड जास्त पडली की एकदम वाढतात आणि विष सोडतात. रात्री चांगलं होतं, सकाळी दावणीला मेलेलं. म्हणजे प्रदर्शनाचं जनावर ह्या रोगाच्या बरोबर तोंडातच उभं असतं. शेवटची लस प्रदर्शनाच्या किमान तीन आठवडे आधी संपवा, आणि कानातला बारा आकडी टॅग आहे का बघा, डॉक्टरांच्या दाखल्यावर तोच नंबर पडतो.

मग वजन. काटा असेल तर उत्तम, नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागनं छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. घेर 28 आणि लांबी 26 भरली तर साधारण 31 किलो. अगदी काट्यासारखं येत नाही पण दर रविवारी त्याच वेळी, सकाळी खायच्या आधी मोजलं तर वाढतंय की नाही ते कळतं आणि आपल्याला तेवढंच पाहिजे. वहीत लिहा. डोक्यात राहत नाही.

आता खुराक

माझं मिश्रण सांगते, 100 किलोचं. मक्याचा भरडा 45 किलो, शेंगदाणा पेंड 18, हरभऱ्याची किंवा तुरीची चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) 15, गव्हाचा कोंडा 17, मिनरल मिक्श्चर 2, चुनखडीची पावडर (कॅल्साइट म्हणून मिळते) 1, मीठ 1, खाण्याचा सोडा 1. ह्यात प्रोटीन 16-17 टक्क्यांच्या आसपास बसतं, वाढत्या करडाला-कोकराला तेवढं पुरतं. मका भरडलेला, पीठ केलेला नको, पिठानं पोट लवकर आंबतं आणि नाकात धूळ जाऊन ठसका लागतो तो वेगळाच. शेंगदाणा पेंड फोडून वास घ्या, कुबट वास किंवा हिरवट बुरशी दिसली तर फेकून द्या, जनावराला घालून संपवू नका, बुरशीचं विष लिव्हरला मारतं. सरकी पेंड मी बारक्यांना आणि पैदाशीच्या नराला घालत नाही, सरकीत गॉसिपॉल असतं ते त्यांना बाधतं.

किती घालायचं? पहिल्या दिवशी 50 ग्रॅम. हो, फक्त मूठभर. मग दर तीन दिवसांनी 25-30 ग्रॅम वाढवत जा. 30 किलोच्या जनावराला शेवटी 400-450 ग्रॅमवर थांबा, आणि ते पण एकदम नाही, दोन नाहीतर तीन वेळेला वाटून. ह्या वेगानं तिथं पोचायला सव्वा-दीड महिना लागतो, आणि लागू दे. शेळी-मेंढीच्या पोटात चारा कुजवणारे जंतू असतात ते कडब्याची सवय असलेले, त्यांना धान्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधी धान्य पडलं की तिथं आम्ल तयार होतं आणि ते जंतूच मरतात.

क्रम पण महत्त्वाचा. सकाळी आधी कोरडा चारा, कडबाकुट्टी किंवा तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट, अर्धा-पाऊण तास ते खाऊ दे, मग खुराक. उपाशीपोटी खुराक कधी नाही. दिवसाला 300-400 ग्रॅम कोरडा चारा आणि दीड-दोन किलो ओला एवढं 30 किलोच्या जनावराला लागतंच, लोक खुराक वाढवताना चारा कमी करतात तिथंच फसतात.

ओल्या चाऱ्यात शेवरी, हादगा, सुबाभूळ, तुतीचा पाला, मेथी घास, जे मिळेल ते मिसळून. आपल्याकडं ऊस तुटायला लागला की वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं म्हणून सगळे वाड्यावरच जनावरं काढतात. वाडं चालतं, पण नुसतं वाडं नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, हाडं वाढायच्या वयात तेच कमी पडतं. वाडं थोडं, बरोबर शेंगवर्गातलं काहीतरी आणि चुनखडी. ज्वारी कापून गेल्यावर जी कोवळी फूट येते ती तर दाखवूपण नका, त्यात विष असतं, अर्ध्या तासात जनावर आडवं पडतं.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या लोकांना आणि अथणी-रायबागकडच्या लोकांना एकच सल्ला चालत नाही हेपण सांगते. खानापुरात पाऊस धो धो, ओला चारा भरपूर पण त्यात पाणीच जास्त, जनावराचं पोट भरतं आणि अंग भरत नाही, वर जंत आणि खुरांचा त्रास. तिथं चारा अर्धा दिवस सुकवून घाला आणि कोरड्याचं प्रमाण वाढवा. अथणीकडं उलटं, कोरडं भरपूर, ओल्याची वानवा, तिथं बांधावर शेवरी-सुबाभूळ लावूनच तयारीला लागा.

मेंढ्यावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, ही दोनदा वाचा. गाई-म्हशीचं मिनरल मिक्श्चर, कोंबडीचं खाद्य, डुकराचं खाद्य मेंढीला घालू नका. त्यात तांबं जास्त असतं. शेळीला तांबं लागतं, मेंढीच्या लिव्हरमध्ये ते साठत राहतं, बरेच दिवस काहीच दिसत नाही, आणि मग प्रवासाच्या नाहीतर प्रदर्शनाच्या ताणानं एकदम बाहेर पडतं, डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी, त्यानंतर फार काही हातात राहत नाही. शेळी-मेंढी एकाच गोठ्यात असतील तर मिश्रण मेंढीला चालेल तेच ठेवा.

नरांना आणि विशेष करून खच्ची केलेल्यांना दुसरी भीती मूतखड्याची. कोंडा आणि मका ह्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्यामुळं खडे होतात. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट पाहिजे, म्हणून ती चुनखडी, म्हणून कोंडा 17 च्या वर नाही, आणि मीठ घातलं की जनावर पाणी जास्त पितं. बोकड पाय ताणून कुंथतोय, शेपटी झटकतोय, थेंब थेंबच येतंय असं दिसलं तर बद्धकोष्ठ म्हणून तेल पाजत बसू नका, त्याच तासाला डॉक्टर. काही डॉक्टर खाद्यात अमोनियम क्लोराइड घालायला सांगतात, ते चांगलं काम करतं, पण ते चालू केलं की सोडा बंद करायला लागतो कारण एक लघवी आंबट करतं आणि दुसरं उलटं. कल्हईचा नवसागर दुकानातनं आणून घालू नका, तो खाण्याचा नसतो.

आता माझी चूक. चार वर्षांपूर्वी एक बोकड तयार केला होता, 34 किलोपर्यंत आलेला, पाठ अशी की वर पाण्याचा तांब्या ठेवला तर हलू नये. प्रदर्शनाला नऊ दिवस राहिलेले आणि आम्ही कागलला पाहुण्यांच्या लग्नाला गेलो. शेजारच्या पोराला सांगून गेलो होतो, पण किती घालायचं ते नीट मोजून ठेवलं नाही आणि भरड्याचं पोतं उघडंच राहिलं. त्यानं प्रेमानं बुट्टी भरून भरडा घातला. रात्री अकराला आलो तर बोकड कोपऱ्यात मान खाली घालून उभा, रवंथ नाही, दात करकर वाजवतोय. डाव्या कुशीवर हात ठेवला तर आत पाणी भरलेल्या पिशवीसारखं डुचमळत होतं आणि लेंड्यांऐवजी आंबूस वासाचं पातळ. मी फोनवर डॉक्टरांना विचारून कोमट पाण्यात सोडा पाजला, हळूहळू, बाजूनं, ठसका लागणार नाही असं, आणि पहाटे डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. वाचला. पण चार किलो उतरला आणि पुढं तीन आठवडे त्याला कडब्याशिवाय काही झेपत नव्हतं. प्रदर्शन गेलं ते गेलंच. तेव्हापासून मी खुराकाच्या पिशव्या आदल्या रात्रीच मोजून बांधते, एका वेळेची एक पिशवी, आणि पोतं टाकीत घालून झाकण लावते. घरात कुणी का असेना, एक पिशवी सोडायची, एवढंच.

म्हणून रोज सकाळी आधी लेंड्या बघा. सुट्या, कडक, चकचकीत असतील तर खुराक पचतोय. एकमेकाला चिकटून गोळा व्हायला लागल्या की लगेच खुराक निम्मा करा, दोन दिवस थांबा. पातळ होईपर्यंत वाट बघायची नाही.

हात फिरवायला शिका

वजन वाढतंय म्हणजे जनावर तयार होतंय असं नाही. धनगर मामा म्हणायचे, डोळ्यानं बघू नको, केस फसवतात, हातानं बघ. त्यांनी दाखवलेली पद्धत अशी. आपल्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या हाडांवरनं फिरवा, उंच-खोल लागतं, बरगड्या तशा लागल्या तर जनावर अजून हडकुळं आहे. आता मूठ सोडून हात सरळ करा आणि पंजाच्या मागच्या बाजूवरनं बोटं फिरवा, हाडं आहेत हे कळतं पण टोचत नाहीत, बरगड्या तशा लागल्या की जनावर प्रदर्शनाला तयार. आणि तळहाताच्या अंगठ्याखालच्या गादीसारखं मऊ लागलं, हाड सापडतच नाही, म्हणजे जास्त झालं, खुराक कमी करा.

हे कंबरेवर पण करायचं, शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्याच्या दोन्ही बाजूला. मेंढीत हे बरोबर कळतं. शेळीत एक अडचण आहे, तिची चरबी आधी पोटात आतनं साठते, पाठीवर उशिरा येते. म्हणजे पाठ भरत नाही म्हणून तुम्ही खुराक वाढवत जाता आणि सगळं आतड्याभोवती जातं, बोकड पोटाळ दिसतो. त्यामुळं शेळीचं छातीचं हाडपण चाचपा, पुढच्या दोन पायांच्या मधे खाली, तिथं बोटाला मांसाची गादी लागायला लागली की समजा आता खुराक वाढवायची गरज नाही, चालवायची गरज आहे.

चालवणं

मांस खुराकानं येतं पण घट्ट चालण्यानंच होतं. दुसऱ्या महिन्यापासून रोज सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, सुरुवातीला दहा मिनिटं आणि हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. चढाचा रस्ता असेल तर फार चांगलं, मागचे पुठ्ठे चढावर भरतात. शेळीला अजून एक करा, पाला खाली टाकू नका, शेवरीची फांदी उंचावर बांधा, दोन पायांवर उभी राहून ओढून खाऊ दे, मागचे पाय मजबूत होतात. मेंढीला हे जमत नाही, तिला आपला बांध आणि चढ.

चालवताना म्होरकी घालून, दावं हातात आखूड धरून, मान वर ठेवून चालवा. आमच्याकडं हे काम पोरगीकडं आहे, शाळेतनं आली की ती बोकड घेऊन ओढ्यापर्यंत जाऊन येते. थांबली की बोकड पण थांबतो, मग ती एकेक पाय हातानं ठेवते, चारही पाय चार कोपऱ्यात, आणि मनात पन्नास मोजते. हलला तर परत. पहिल्या आठवड्यात पाच पण मोजून होत नव्हते. शेवटी ओठ उचलून दात बघते, पोटाखाली हात घालते, कारण जज हे सगळं करणार आणि अनोळखी हात लागला की न शिकवलेलं जनावर उड्या मारतं. प्रदर्शनाच्या आधी एक महिना गोठ्यात मोबाईलवर हलगी आणि स्पीकरचा गोंगाट लावत जा, थोडा वेळ, हळू आवाजापासून.

खूर, केस

खूर दोन आठवडे आधी कापा, आदल्या दिवशी अजिबात नाही, चुकून खोल गेलं तर लंगडत रिंगणात जाईल. खुरांना मोरचुदाचं पाणी करत असाल तर मेंढ्यानं ते पिऊ नये एवढं बघा, तांब्याचं वर सांगितलंच आहे. अंघोळ दोन दिवस आधी, सकाळी उन्हात, साध्या शांपूनं, लोकरीच्या मेंढीला वाळायला पूर्ण दिवस लागतो. काळ्या शेळीला चकाकी पाहिजे तर शेवटचा महिनाभर खुराकात 20 ग्रॅम जवस आणि रोज ब्रश, वरनं तेल चोपडलं की धूळ बसते.

शेवटचे आठ दिवस आणि तो दिवस

शेवटच्या आठ दिवसात काहीही नवीन नाही. नवीन पेंड नाही, नवीन टॉनिक नाही, कुणी कितीही खात्रीचं म्हणून दिलं तरी नाही. खुराक आहे तेवढाच. काही जण वजन दाखवायला सकाळी नळीनं पाणी पाजतात, किंवा मीठ चारून तहान लावतात. हे करू नका, मला ह्याचा फार राग येतो. नळी चुकली की पाणी फुफ्फुसात जातं आणि मुकं जनावर तिथंच तडफडतं. इंजेक्शनं देऊन फुगवणारे पण आहेत, त्यांच्या नादाला लागू नका. आणि नंतर बोकड कटिंगला विकणार असाल तर औषध दिल्यापासून किती दिवस थांबायचं ते बाटलीवर वाचा किंवा डॉक्टरांना विचारा, ते खाणाऱ्याच्या पोटात जातं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी खुराक निम्मा, कडबा भरपूर. गाडीत पेंढ्याचा थर, वरनं सावली, बाजूनं हवा, आणि नर एकमेकाला टकरा देतात म्हणून मधे फळी. आपण निपाणीकडनं कोल्हापूरला जायचं म्हटलं की कोगनोळीला हद्द लागते, दुसऱ्या राज्यात जनावर नेताना डॉक्टरांचा दाखला आणि लसीची नोंद जवळ ठेवा, आणि कुठं साथ चालू आहे का ते आधी विचारा, साथीत प्रदर्शनं बंद पण होतात आणि चालू असली तरी नेऊ नये.

पाण्याचं बघा. नवीन गावच्या पाण्याचा वास वेगळा येतो, बरीच जनावरं तोंड लावत नाहीत, दुपारपर्यंत पोट आत जातं आणि मान खाली. मी काय करते, पंधरा दिवस आधीपासून घरच्या पाण्यात गुळाचा बारका खडा विरघळवते, बादलीला सुपारीएवढा. तिथं गेल्यावर तिथल्या पाण्यात तोच गूळ, वास ओळखीचा वाटतो आणि पितात. बादली पण घरचीच न्या, आणि चारापण घरचाच, तिथं फुकट मिळणारा हिरवा चारा गाडीत भरून आणा पाहिजे तर पण त्या दिवशी घालू नका.

रिंगणात जायच्या आधी तासभर थोडा कडबा, घोटभर पाणी, कोरड्या फडक्यानं अंग पुसा. आत गेल्यावर जजकडं नाही, जनावराकडं लक्ष द्या. जज बाजूला आला की जनावराच्या दुसऱ्या बाजूला व्हा, त्याला जनावर पूर्ण दिसू दे. वय, दात, वेत, खुराक काय, असं विचारतात, खरं सांगा. नंबर आला नाही तर रिकाम्या वेळेला जाऊन नम्रपणे विचारा की साहेब कमी कुठं पडलं, मला दोन वेळा असंच विचारून कळलं की माझ्या बोकडांचे मागचे पाय कमी पडतायत आणि तिथनंच ती चढावर चालवायची सवय लागली.

घरी आल्यावर

थेट गोठ्यात घेऊ नका. प्रदर्शनात शंभर ठिकाणची जनावरं असतात, पीपीआर, मावा (ओठांवर फोड-खपल्या येणारा रोग), लाळ्या खुरकूत, देवी, काहीही बरोबर येऊ शकतं. 21 दिवस वेगळं बांधा, भांडी वेगळी, आणि त्याची वैरण-पाणी सगळ्यात शेवटी करा, म्हणजे त्याच्याकडनं बाकीच्यांकडं जायला नको. चप्पल आणि हात धुवा. खुराक पण एकदम तोडू नका, जसा चढवला तसाच उतरवा, दर तीन दिवसांनी 50 ग्रॅम कमी, आणि पैदाशीला ठेवायचा असेल तर निम्म्यावर आणून थांबा. रोज ओठांवर, नाकाजवळ, खुरांच्या बेचक्यात खपली किंवा फोड दिसतोय का ते बघा, डोळ्यात-नाकात चिकट येतंय का बघा, ताप वाटला तर डॉक्टर. 21 व्या दिवशी तोंड आणि खूर स्वच्छ असतील, लेंड्या सुट्या असतील, तर संध्याकाळच्या वैरणीला त्याला त्याच्या जुन्या दावणीला बांधा.